तो बॉक्सर नाही, पैलवान आहे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतली पोरं आणि व्हिडिओ गेम यावर लेख आला होता, त्यात जवळपास अर्धं पान भरून एक फोटो होता, लाल चड्डी, छातीवर केसांचं जंगल, डोक्यावर तुरा काढल्यासारखा कट आणि अंगभर जखमांचे व्रण, आणि खाली ओळ छापली होती की हा ‘स्ट्रीट फायटरमधील रशियन बॉक्सर’. साहेब, बॉक्सर नाही हो तो. झांगीफ आहे तो, पैलवान आहे. बॉक्सर त्याच गेममध्ये वेगळा आहे, ग्लोव्हज घालून असतो, आमच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये त्याला सगळे टायसनच म्हणायचे. आणि त्याच लेखात पुढे ‘नुसती बटणे बडवण्याचे हे खेळ’ असं वाक्य आहे, म्हणजे आधी पैलवानाला बॉक्सर केला आणि मग म्हणायचं यात डोकं लागत नाही. मी ४५ वर्षांचा माणूस, पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, पण राहवलं नाही.

तुम्ही म्हणाल पैलवान काय नि बॉक्सर काय, चड्डी तर दोघंही घालतात. तर नाही. त्या गेमचा सगळा हिशोबच या फरकावर उभा आहे. मारणं, अडवणं आणि पकडणं, या तिघांचं त्रांगडं आहे ते. समोरच्याचा ठोसा लाथ अडवायची तर दांडा (मशीनवरची जॉयस्टिक) मागे ओढून धरायचा, बस, साधा ठोसा कितीही जोरात असला तरी लाइफ जात नाही (स्पेशल मूव्ह असली तर थोडीशी खरवडून जाते, ते सोडा). मग सगळेच दांडा मागे ओढून बसले तर खेळ कसला व्हायचा? त्याला इलाज म्हणजे पकड. पकड अडवता येत नाही, तुम्ही मागे ओढून बसलात की उलट सोपं गिऱ्हाईक. पण पकडायला आलेल्याला आधीच ठोसा लगावला किंवा तुम्ही उडी मारून वर गेलात की त्याची पकड फुकट. खऱ्या कुस्तीत नुसता बचाव करत पळणाऱ्याला पंच ताकीद देतात ना, इथे पंच नसतो, ते काम पकड करते.

आणि सगळ्या कॅरेक्टरमध्ये थोडीफार पकड असतेच, पण झांगीफचं सगळं दुकानच त्यावर चालतं. हळू चालतो, लांबून फेकायला त्याच्याकडे काही नाही, म्हणजे बाकीचे तिकडून आगीचे गोळे फेकतायत आणि हा बापडा एक एक पाऊल टाकत, अडवत, गोलगोल हात फिरवून गोळा अंगावरून जाऊ देत पुढे सरकतोय. तालमीत जिला खडाखडी म्हणतात ती हीच. एकदा जवळ पोचला की मग मात्र समोरच्याची धडगत नाही.

थोडं मागे जातो. स्ट्रीट फायटर टू जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ ला काढला. झांगीफचं नाव व्हिक्टर झांगिएव्ह या खऱ्या सोव्हिएत पैलवानावरून घेतलेलं, आणि गेम शेवटपर्यंत जिंकलात की गोर्बाचेव्हसारखा दिसणारा माणूस हेलिकॉप्टरमधून येऊन त्याच्याबरोबर नाचतो. गंमत म्हणजे त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोव्हिएत युनियनच संपलं. आमच्याकडे लालबागला मशीन येईपर्यंत तर तो देश नकाशावर नव्हता, पण मशीनवर होता.

आमचं पार्लर म्हणजे एका चाळीच्या जिन्याखालची जागा, तीन मशीन, एक टेबल फॅन आणि गल्ल्यावर अण्णा. रुपयाला एक कॉइन. सगळी पोरं धालसिम घ्यायची कारण तो आपला, भारताचा, हातपाय रबरासारखे लांब होतात आणि तोंडातून आग काढतो. गळ्यात कवट्यांची माळ घातलेला योगी मी तरी आख्ख्या गिरणगावात पाहिला नव्हता पण आपला म्हणजे आपला. मी झांगीफ घ्यायचो, हौस म्हणून नाही, रांगेत सगळ्यात लहान मी, मोठ्या पोरांनी चांगली कॅरेक्टरं घेतली की हा उरायचा, दोघांना एकच कॅरेक्टर घेता येत नव्हतं तेव्हा. आणि धालसिमसमोर झांगीफ म्हणजे विचारू नका, जवळ जायला निघालो की लांबून हात येऊन कपाळावर बसायचा.

आता तो डाव. खरं नाव स्क्रू पाइलड्रायव्हर, आमच्याकडे हे नाव कुणालाच माहीत नव्हतं, आम्ही भवरा म्हणायचो. समोरच्याला उलटा करायचा, डोकं मांड्यांत आवळायचं, गरगर फिरत हवेत वर जायचं आणि तिथून डोक्यावर आपटायचा. लाइफचा असला तुकडा उडायचा की बघणारी पोरं पण ‘ओय’ करायची. मारायचा कसा, तर दांडा गोल फिरवायचा, ३६० अंश, आणि ठोशाचं बटण. बोलायला सोपं आहे. पण त्या गोलात ‘वर’ पण येतं ना, आणि दांडा वर गेला की कॅरेक्टर उडी मारतं, म्हणजे तुम्ही भवरा मारायला जाताय आणि तुमचा पैलवान हवेत, आणि खालून समोरचा तुम्हाला फोडतोय. पहिले दोन महिने मी फक्त उड्या मारल्या.

मग हळूहळू युक्त्या कळत गेल्या, कुणी शिकवल्या नाहीत, मशीनच्या मागे उभं राहून बघून बघून. पहिली म्हणजे उडी मारायचीच, मुद्दाम, आणि खाली येताना हवेतच गोल फिरवून ठेवायचा, पाय टेकले की बटण. दुसरी, जवळ बसून हलका ठोसा मारायचा आणि तो ठोसा चालू असताना दांडा फिरवायचा, कारण ठोसा चालू असताना उडी निघतच नाही. तिसरी सगळ्यात भारी आणि सगळ्यात अवघड, उभ्या उभ्या. त्यात कळीची गोष्ट अशी की मशीनला पूर्ण गोल लागतच नाही, ते बघतं चार दिशा, डावी खाली उजवी वर, तेवढ्या झाल्या की त्याच्या हिशोबाने चक्कर पूर्ण, म्हणजे खरं तर पाऊणच चक्कर. आणि दांडा वर टेकला तरी उडीला पाय उचलायच्या आधी काही फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रं, जातात, एका सेकंदात ६० फ्रेम असतात त्यातल्या काही, तेवढ्या फटीत बटण दाबलं की उडी रद्द आणि भवरा चालू. हे मला जमलं तेव्हा दहावीचं वर्ष होतं, मार्कांचं विचारू नका. तळहाताला अंगठ्याच्या खाली घट्टा पडला होता आणि अण्णा गल्ल्यावरून ओरडायचा, ‘ए, दांडा उपटून घरी नेणार काय?’

बटणं बडवणं म्हणतात ते हे.

आता मुख्य भांडणाकडे येतो. मी वर हलक्या ठोशाचं म्हटलं ना, त्यात एक मेख आहे. समोरच्याने तुमचा ठोसा अडवला की तो क्षणभर गोठतो, गोठलेला असताना त्याला पकडता येत नाही, पण ज्या क्षणी तो सुटतो त्या क्षणी तुमचा भवरा तयार असेल तर तो गेला. म्हणजे हलका ठोसा, भवरा. उठला की परत हलका ठोसा, भवरा. तेव्हाच्या त्या स्ट्रीट फायटर टूमध्ये या पकडीला वेळच लागत नव्हता, बटण दाबलं आणि माणूस टप्प्यात असेल तर त्याच फटक्यात उचलला, आणि टप्पा पण असा की आम्हाला वाटायचं झांगीफच्या पोटात व्हॅक्युम क्लीनर आहे. बरं, टप्प्यात नसेल तर नुकसान काय? काहीच नाही, भवऱ्याऐवजी साधा ठोसा निघायचा. म्हणजे लागला तर जॅकपॉट, नाही लागला तरी कॉइन परत.

साहजिकच बोंबाबोंब झाली. ‘चीटिंग आहे ही’. आणि अण्णाने नियम काढला, पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून लावला, लागोपाठ दोनदा पकडायचं नाही. एकदा पकडलं की मध्ये मारामारी करायची, मग परत पकडायचं. मी तो मोडला, आमच्या बिल्डिंगमधल्या एका मोठ्या पोराला तीनदा लागोपाठ आपटला, त्याने मला खरोखरची एक ठेवून दिली कानाखाली, आणि नेमके त्याच वेळी माझे वडील मला शोधत तिथे आले.

वडील गिरणीत होते, म्हणजे ८२ च्या संपापर्यंत होते. तरुणपणी तालमीत जायचे, कान दुमडलेला होता त्यांचा. मला वाटलं आता दुसऱ्या कानाखाली बसणार. पण ते स्क्रीनकडे बघत राहिले. म्हणाले, हा लंगोटवाला कोण? मी म्हटलं पैलवान आहे, रशियाचा. मग म्हणाले, भांडण कशाचं? तो मोठा पोरगा म्हणाला, काका हा सारखा पकडतो, चीटिंग करतो. वडील त्याला म्हणाले, ‘पैलवानाने पकडायचं नाही तर काय करायचं, आरती?’ नंतर अण्णाला पण म्हणाले, पकडलेलं चालत नसेल तर पकडू देऊ नका, लांब ठेवा की त्याला, हात कशाला दिलेत. मग मला घरी नेऊन मारलं ते वेगळं, पण पार्लरमध्ये त्यांनी माझी बाजू घेतली. मला आजही वाटतं त्या नियमाचा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. पुठ्ठा काही निघाला नाही हा पण.

पुढे गंमत अशी झाली की अण्णाने पुठ्ठा लावून जे करायचा प्रयत्न केला ते कॅपकॉमने तीस वर्षं घेऊन नीट केलं, बंदी न घालता. १९९४ ला त्याच गेमची सुपर टर्बो नावाची नवी आवृत्ती आली त्यात साध्या पकडीतून अर्धवट वाचायची सोय दिली, वेळेवर बटण दाबलं तर लाइफ कमी जायची, पण भवऱ्याला ती सोय नाही, अजूनही नाही, झांगीफने धरलं की धरलं. उलट त्याला अजून खाऊ दिला, हिरवा हात आला, एक थप्पड मारत पुढे सरकतो आणि त्यात समोरून आलेला आगीचा गोळा विरून जातो, म्हणजे जवळ पोचायची सोय झाली. आणि फायनल ॲटॉमिक बस्टर आला, त्याला दांडा दोन वेळा गोल, ७२० अंश. तो मला उभ्याने आजतागायत जमलेला नाही, खोटं कशाला बोलू.

स्ट्रीट फायटर थ्रीमध्ये तो नव्हताच, त्याच्या जागी ह्यूगो नावाचा अजून मोठा धिप्पाड माणूस आणला, तो सोडून देतो, मी तेव्हा नोकरीला लागलो होतो आणि पार्लरच्या जागी झेरॉक्सचं दुकान आलं होतं.

खरा बदल मला दिसला २००८ च्या चार नंबरमध्ये, म्हणजे स्ट्रीट फायटर फोरमध्ये. त्यात पकड चुकली की झांगीफ दोन्ही हात पसरून हवेलाच मिठी मारतो आणि तसाच राहतो, चांगला काही वेळ, कोणीही यावं आणि फोडून जावं. कॉइन परत मिळणं बंद. काही जुन्या लोकांना हे आवडलं नाही, माझं मत उलटं आहे, माझ्या मते या डावात झालेला हा सगळ्यात चांगला बदल. कारण आता भीती दोघांना. समोरचा विचार करतो की हा आत्ता पकडणार, मी उडी मारू का, आणि मी विचार करतो की हा उडी मारेल, मग मी पकडू नको, ठोसा लावू का वर, आणि तो विचार करतो की मी असा विचार केला असेल. तीन पत्ती आहे ही, ब्लाइंड कोण खेळतंय ते कळत नाही. शिवाय बटणाप्रमाणे फरक, हलक्या ठोशाने मारला तर हात लांब जातो पण आपट कमी, जोरदार ठोशाने मारला तर आपट मोठी पण अगदी खेटून असायला पाहिजे. म्हणजे जवळ किती आहोत हे डोळ्याने मोजायचं आणि त्याप्रमाणे बोट निवडायचं, ते पण दांडा फिरत असताना.

फ्रेमचं बघा. चार नंबरमध्ये भवरा लागायला २ फ्रेम लागायच्या, सेकंदाचा तिसावा भाग, डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. २०२३ च्या सहा नंबरमध्ये ५ फ्रेम झाल्या, सेकंदाचा बारावा भाग. बघून तर तेही चुकवता येत नाही, ओळखूनच चुकवावं लागतं, पण समोरच्याच्या झटपट ठोशाला मध्ये घुसायला फट मिळाली. आणि त्याच गेममध्ये पॅरी नावाचा नवा बचाव दिलाय, बटण धरून ठेवा आणि सगळे ठोसे लाथा झेला, पण पॅरी धरून बसलेल्याला पकडलं तर जास्त लाइफ जाते. परत तोच जुना कायदा बघा, बसून राहाल तर उचलले जाल. भांडणं पण तीच आहेत, हल्ली लोक ‘थ्रो लूप’ म्हणून ओरडतात, कोपऱ्यात नेऊन साध्या पकडीने परत परत पकडतात म्हणून. मला अण्णाचा पुठ्ठाच आठवतो.

आता माझी भाची, डोंबिवलीला असते, चौदा वर्षांची. ती मे महिन्यात आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने माझा झांगीफ बघितला, म्हणाली मामा, मी पण हाच घेते. आणि पहिल्याच दिवशी तिने मला भवरा मारला. उभ्या उभ्या, चालत येऊन. मी म्हटलं हे कसं शक्य आहे, मला दहावी घालवावी लागली त्यासाठी. तर सहा नंबरमध्ये मॉडर्न कंट्रोल म्हणून प्रकार आहे, त्यात स्पेशल मूव्ह एका बटणावर निघतात. दांडा फिरवायचा नाही काही नाही. एका बटणाने मारलं तर डॅमेज कमी मिळतो, ही त्याची फी.

मला आधी फार वाईट वाटलं, खरं सांगतो. तो गोल नुसता गोल नव्हता, ती त्या डावाची किंमत होती, इतका जबरदस्त डाव इतका अवघड असल्यामुळेच खपून जायचा. घट्टा पडलेला तळहात घेऊन माणूस एका बटणासमोर बसला की कसं वाटेल. दुसरीकडे हेही आहे की मॉडर्नवाल्या भाचीशी खेळताना मी हरतो तो बटणामुळे नाही, ती कधी पकडणार ते मला ओळखता येत नाही म्हणून. एकदा तिने समोर येऊन काहीच केलं नाही, नुसती उभी राहिली, मी घाबरून उडी मारली आणि तिने खालून हाणला. हे कुठल्या कंट्रोलमध्ये येत नाही. माझे वडील असते तर म्हणाले असते, हिला डाव नंतर कळला, कुस्ती आधी कळली. पण तरी मी क्लासिकच, म्हणजे दांडा फिरवायचा जुना कंट्रोलच खेळतो, आणि तिला पण म्हणतो एकदा फिरवून बघ, हाताला कळू दे. ती म्हणते मामा, तुझा हात म्हातारा झालाय.

म्हातारा म्हणजे काय. २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये स्ट्रीट फायटर फाइव्हला मेडल होतं, खरंखुरं, आणि गोल्ड घेतलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वय वर्षं ४४. हे मी भाचीला सांगितलं. तिने विचारलं ते झांगीफ खेळले का, नाही, ल्यूक नावाचं दुसरंच कॅरेक्टर खेळले, तिथे मी गप्प बसलो. आपल्या सरकारने पण २०२२ च्या डिसेंबरात ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या खात्यात घेतलंय. तेव्हा पुरवणीत लिहिणाऱ्यांनी निदान कोण बॉक्सर आणि कोण पैलवान एवढं बघून लिहावं, क्रिकेटमध्ये विकेटकीपरच्या फोटोखाली अंपायर लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुमच्या ऑफिसचे फोन वाजले असते.

माझी मागणी मोठी नाही. दुसऱ्या पानावर खाली तुम्ही ‘दुरुस्ती’ छापता त्या चौकटीत एक ओळ टाका, अमुक तारखेच्या पुरवणीतील फोटोमधील व्यक्तिरेखा बॉक्सर नसून पैलवान आहे. भाचीने पैज लावलीय की पेपरवाले असलं काही छापणार नाहीत. तुम्ही छापलंत तर ती पुढचा महिनाभर मॉडर्न बंद करून दांडा फिरवणार आहे, आणि नाही छापलंत तर मी एका बटणावर खेळणार आहे. तेव्हा कृपया लवकर छापा.

आपला,
एक जुना वाचक, लालबाग, मुंबई